टर्म, रॅकेट आणि होटगीची सकाळची गाडी

तान्हं मूल असलेल्या घरात एकेकटे पायमोजे साठतात. त्यांची जोडी कुठे गेली ते कळत नाही आणि टाकून द्यायचाही धीर होत नाही. कॉलेजात नोकरी केली की किस्से असेच साठतात. माझी नोकरी फार जुनी नाही आणि मूल तर त्याहून नवं, पण दोन्हीकडचे ड्रॉवर भरलेत. त्यातले थोडे आज बाहेर काढते.

सुरुवात प्रिन्सिपॉलसाहेबांपासून. एका मीटिंगहून परतले ते डोक्यात नवी योजना घेऊनच. नाव ‘विद्यार्थी मार्गदर्शन केंद्र’. मुलांच्या अडचणी ऐकायच्या, त्यांना धीर द्यायचा, वाट दाखवायची. मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “बाई, तुम्हाला मूल आहे ना?”

“आहे सर. सव्वा वर्षाचं.”

“मग झालं तर! इथं थोडी जास्त आहेत, एवढंच!”

मी हो म्हटलं. घरी येऊन रात्रभर वाटत राहिलं, ज्या बाईला स्वतःची लेक का रडतेय हे कळत नाही, ती दुसऱ्यांच्या लेकरांना काय वाट दाखवणार? लायब्ररीत मार्गदर्शनावरचं पुस्तक मागितलं. नव्हतं. लायब्ररियनने शोधशोध शोधून ‘बालसंगोपन’ आणून दिलं. त्यात पहिलंच वाक्य होतं, “प्रथम आईने घाबरू नये.” म्हटलं, हे दोन्हीकडे चालेल!

*

केंद्राला खोली मिळाली ती जिमखान्याच्या सामानाची. एका कोपऱ्यात फाटकी नेट, दुसऱ्यात क्रिकेटची पॅडं, मध्ये मी. पहिल्या दिवशी दारात एक मुलगा आला. वैरागचा, धनाजी नाव. चुळबुळ करत उभा राहिला. मी पेन खाली ठेवलं, चेहरा मायाळू केला आणि म्हटलं, “बस. अगदी मोकळेपणाने बोल. काय हवंय?”

“रॅकेट पायजे बाई. बॅडमिंटनची.”

आठवडाभर जो येई तो रॅकेटच मागे. मग मीही हुशारी केली. नियम काढला, रॅकेट नेणाऱ्याने आधी पाच मिनिटं बसायचं आणि आपली एक तरी अडचण सांगायची. परिणाम झकास झाला! खोलीपुढे रांग लागली. कुणाची आजी आजारी, कुणाला इंग्रजीची भीती, कुणाला खोलीवरचा सोबती घोरतो म्हणून झोप नाही. मी गहिवरून सगळ्यांना धीर देत होते. प्रिन्सिपॉलसाहेब खूश.

मग एके दिवशी धनाजी पळत आला. धापा टाकत म्हणाला, “बाई, दुःख उद्या सांगतो! आज रॅकेट तेवढी द्या, कोर्ट रिकामं हाय!”

*

रॅकेट न मागणारी पहिली मुलगी म्हणजे महादेवी. एफ.वाय.ची, होटगीची. आली, पॅडांशेजारच्या स्टुलावर बसली आणि सरळ म्हणाली, “बाई, माजी टर्म जानार.”

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच अवघड. आमचं कॉलेज सोलापुरात, सकाळचं. पहिला तास अर्थशास्त्राचा. महादेवीची पॅसेंजर होटगीहून वेळेवर सुटायची, पण सोलापूरच्या अलीकडे सिग्नलला उभी राहायची. आधी मेल जाणार, मग मालगाडी, मग ही. महादेवी पोचेपर्यंत कॉलेजचं फाटक बंद, ते थेट दुसऱ्या तासाला उघडायचं. बाकी सगळ्या तासांना हजर, पण अर्थशास्त्राची हजेरी पार तळाला. नियम असा, एका विषयाची जरी हजेरी कमी पडली तरी टर्म मंजूर नाही. टर्म नाही तर परीक्षा नाही.

“मग एसटीनं ये.”

“एसटी त्याच्याबी मागनं येते बाई. आन् रेल्वेचा पास हाय. आप्पा रेल्वेत हायत.”

मी ‘बालसंगोपन’ आठवून पाहिलं. त्यात मालगाडीवर काही नव्हतं.

ऑफिसातल्या हेडक्लार्कने कानाशी येऊन तोड सुचवली, “बाई, आजारी होती म्हणून सर्टिफिकेट आणायला सांगा. अहो, सगळे आणतात!” मी महादेवीला विचारलं. ती अगदी गंभीरपणे म्हणाली,

“पन बाई, रोज फक्त पयल्या तासाला येनारा आजार कुटला?”

*

मग तिच्या आप्पांना बोलावलं. शिवाप्पा रेल्वेत कीमन, म्हणजे रोज रुळावरून चालत जाऊन नट-बोल्ट तपासणारे. फेटा बांधून आले. कानडी वळणाचं मराठी, बोलणं शांत.

“पोरगी नापास झाली असती तर फिरून बसवली असती की. त्यात काय? पन टर्मच दिली न्हाय म्हंजे कॉलेजनंच नको म्हटल्यावानी झालं. भावकी काय म्हनंल? अक्कलकोटचं स्थळ येऊन बसलंय. तिची आई रोज कानाशी. टर्म गावली तर थांबा म्हनतो त्यास्नी. न्हाय गावली तर माझं काय चालनार, तुमीच सांगा.”

महादेवी खाली मान घालून फरशीवर अंगठा घासत होती. मी त्यांना व्हाइस प्रिन्सिपॉलकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदम उपाय सापडल्यासारखे टेबलावर हात मारून म्हणाले, “अहो, तुम्ही रेल्वेतलेच ना? मग गाडी वेळेवर आणा की!”

शिवाप्पांनी हात जोडले. “सायेब, मी रूळ बघतो. गाडी हाकनारा सायेब येगळा हाय.”

*

मध्येच दुसरी योजना आली, पालक-प्राध्यापक योजना. प्रत्येक प्राध्यापकाला काही विद्यार्थी वाटून दिले. त्यांच्या घरी जायचं, अभ्यासाची चौकशी करायची. तर्कशास्त्राचे जोशीसर वयाने तिशीच्या आतले आणि अविवाहित. त्यांच्या वाट्याला चार मुली आल्या. इस्त्रीचा शर्ट घालून सर पहिल्या घरी गेले. तिथे सतरंजी अंथरलेली, पोहे तयार, मुलगी जरीच्या साडीत.

सरांनी विचारलं, “वाचन वगैरे करते का?”

वडील म्हणाले, “सगळं करते. शेंगाची चटणी तर अशी करते!”

सर दुसऱ्या दिवशी माझ्या केंद्रात येऊन बसले. रॅकेट मागितली नाही. “बाई, त्यांनी मला गोत्र विचारलं हो! आता तीन घरं राहिलीत. काय करू?”

केंद्राकडे मार्गदर्शन मागायला मोठं माणूस प्रथमच आलं होतं. मी तोऱ्यात म्हटलं, “सोपं आहे. मी येते बरोबर. लेकीलाही घेते. संसारी बाई दिसली की कुणाचा गैरसमज होणार नाही.”

गेलो. सरांनी हजेरी विचारली, मी अभ्यास विचारला, माझ्या लेकीने पोह्यांची बशी उपडी केली. सगळं रीतसर पार पडलं. निघताना मुलीची आई मला आत घेऊन गेली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, “वैनी, तुमच्या दिरांना मुलगी पसंत पडली का हो?”

*

महादेवीचं मात्र पुढे सरकत नव्हतं. मी अर्ज केला, की तिचा अर्थशास्त्राचा तास नंतरच्या तुकडीबरोबर धरावा. टाइमटेबल करणारे गणिताचे सर म्हणाले, “एक तास हलवला तर सगळं कॉलेज हलेल!” मी दुसरा अर्ज केला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तोही वाचला आणि चष्मा काढला.

“बाई, तुमचं मन मोठं आहे. पण गाडी रोज लेट? रोज? मुलं सांगतात आणि तुम्ही विश्वास ठेवता. आई आहात, म्हणून.”

टर्म मंजुरीची मीटिंग शनिवारी होती. होटगीहून निरोप आला, अक्कलकोटची मंडळी रविवारी सुपारी फोडायला येतायत. लेक ठणठणीत असतानाही मी तिचा ताप दोनदा पाहिला. काळजी वाटली की माझे हात तेवढंच करतात.

महादेवीची टर्म त्या शनिवारी मंजूर झाली. कुणी विचारलं तर सांगते, माझ्या अर्जांचा त्यात काडीचाही वाटा नाही. झालं ते असं.

आदल्या दिवशी होटगीला प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मेहुणीकडे बारसं होतं. साहेब रात्री तिथेच राहिले आणि सकाळच्या पॅसेंजरने निघाले. महादेवीने त्यांना डब्यात पाहिलं आणि ती पिशवीआड लपली. गाडी सिग्नलला थांबली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मेल गेली. साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून गार्डाला हाका मारल्या. मालगाडी गेली, चांगली लांबलचक. महादेवी सांगते, तिचे डबे सरांनी बोटांवर मोजले.

त्याच सकाळी माझी लेक मला सोडेना. ज्यांच्याकडे तिला ठेवते त्या खालच्या विणकरांच्या घरी त्या दिवशी माग बंद होते, आणि मागाच्या खटखटीशिवाय ती झोपतच नाही. शेवटी तिला कडेवर घेऊन मी कॉलेजला पोचले, तर फाटक बंद.

फाटकासमोर प्रिन्सिपॉलसाहेब उभे! कोट, हातात बारशाच्या पेढ्यांचा पुडा. त्यांच्यामागे चार पावलं सोडून महादेवी. मी चटकन लिंबाच्या झाडाआड झाले.

“भीमण्णा, फाटक उघड!”

आतून आमचे शिपाई भीमण्णा शांतपणे म्हणाले, “साहेब, घंटा झाली की. दुसऱ्या तासाला उघडतो.”

“अरे, मी आहे! प्रिन्सिपॉल!”

“व्हय साहेब, वळकलं. तुमीच सांगितलंय, कुनीबी असो, उघडायचं न्हाय. तुमचा हुकूम तुमच्याम्होरं कसा मोडू?”

साहेबांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. ऊन तापायला लागलं होतं. तेवढ्यात महादेवी पुढे आली. लिंबाखालचा एक धोंडा तिने पदराने झटकून साफ केला आणि अदबीने म्हणाली,

“सर, हितं बसा की. दुसऱ्या तासापर्यंत हितं ऊन येत न्हाय.”