यादीत नसलेली शेगडी

टॅक्सी यायला चाळीस मिनिटं होती, तरी आई वेलिंग्टनजवळच्या जॉन्सनव्हिलमधल्या आमच्या घराच्या दारात पर्स खांद्याला लावून उभी होती. मी यादी मोठ्याने वाचत होते: पासपोर्ट, गोळ्या, तंबू, दोन माणसांचा कुकर, डाळ-तांदूळ, गोडा मसाला. माझी लेक इरा जिन्यावरून ओरडली, "आजी, हॅव हीप्स ऑफ फन!" आई म्हणाली, "हो गं, आणि तू वेळेवर जेवत जा." पाच महिने दोघींचं असंच चाललं होतं. एकीचं इंग्रजी, एकीचं मराठी, अडत काही नव्हतं.

स्पेन आईने निवडलं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई; तिला तिथलं पठार बघायचं होतं. "तुमच्याकडे सगळं हिरवंच. डोळ्यांना एक पिवळं माळरान नाही." तिथून ती थेट पुण्याला जाणार होती, मी परत वेलिंग्टनला. आणि त्याआधी मला तिला एक उत्तर द्यायचं होतं.

तुमच्यापैकी जे निघून गेले आणि ज्यांनी त्यांच्या खोल्या सांभाळल्या, त्या दोघांनाही हे सांगायला हवं. "पाच वर्षांत येते" म्हणून मी निघाले त्याला चौदा वर्षं झाली. कोथरूडच्या फ्लॅटमधली माझी खोली आईने तशीच ठेवली होती. आता तिला एकटीने राहणं जड जात होतं. तिच्या शाळेतल्या लीलाताई सोबतीला यायला तयार होत्या. "तू येणार असशील तर खोली ठेवते. नाहीतर त्यांना हो सांगते. मी पुण्याला पोचायच्या आत ठरव," एवढंच ती म्हणाली होती. मी ते यादीत शेवटी लिहिलं आणि रोज पुढे ढकललं.

स्पेनमध्ये पहिले तीन दिवस गावांतल्या घरांमध्ये राहिलो. कापणी झालेली शेतं, मधेच एखादं झाड, लांबवर चर्चचा मनोरा. आई भाड्याच्या गाडीची काच खाली करून बसायची. "फलटणच्या पुढे गेलं की असंच लागतं," ती म्हणाली. मी समोर बघत गाडी चालवत राहिले. स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्यामुळे रस्त्यावरून नजर हलवता येत नव्हती, ही सोयच झाली. संध्याकाळी घरमालकीणबाई दारात खुर्च्या मांडायच्या. त्या स्पॅनिशमध्ये, आई मराठीत, तासभर गप्पा.

चौथ्या दिवशी कॅम्पिंग. तंबू ठोकला आणि मी कुकर घेऊन किचन शोधायला निघाले. तिथल्या माणसाने भांडी घासायचे नळ दाखवले. शेगडी? शेगडी ज्याची त्याने आणायची. अर्धा किलो तूरडाळ घेऊन मी अर्धी पृथ्वी ओलांडून आले होते आणि शेगडी यादीत लिहिलीच नव्हती.

तंबूपाशी येऊन मी कुकर आदळला. "असं कसं? कॅम्पला किचन असतंच! आपल्याकडे कुठेही जा, गॅस, टोस्टर, फ्रिज, सगळं असतं."

"आपल्याकडे?" आईने विचारलं.

मी कुकर उचलून सरळ ठेवला. पुण्यात असताना मी एकदाही तंबूत झोपले नव्हते; माझं 'आपल्याकडे' वेलिंग्टनचं होतं.

आईने पाव कापला, त्यावर टोमॅटो ठेवला, वरून गोडा मसाला भुरभुरला. "खा. उद्या लीलाताईंना फोन करते."

"आई, मी अजून काही ठरवलेलं नाही."

"ठरलंय गं. तुला कळायचं राहिलं होतं." ती रागावली नव्हती. मोठा तुकडा तिने माझ्याकडे सरकवला. मी तो खाल्ला, आणि नाही म्हणाले नाही.

लीलाताई आता माझ्या खोलीत राहतात. डिसेंबरमध्ये मी पुण्याला जाते आहे. "हॉलमध्ये गादी घालू," आई फोनवर म्हणाली. "किती दिवस आहेस ते आधी कळव." मी तारखा कळवल्या.

घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी आता जॉन्सनव्हिल म्हणते, अडखळत नाही. पूर्वीही पुण्याची आठवण यायची, पण ती परत जाणाऱ्या माणसाची होती, तिला घाई नसायची. आता परत जाणार नाही हे मला माहीत आहे, आईलाही माहीत आहे. आठवण मात्र तेव्हापेक्षा जास्त येते.