सहा आकड्यांची रांगोळी

बाळीवेशीच्या बोळात सगळ्यांच्या दारात कमळं उमलत. गुरुबसप्पा मास्तरांच्या दारात मात्र आकडे. एक, चार, दोन, आठ, पाच, सात, असे गोलात मांडलेले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मास्तरांनी ते दानम्माला शिकवले होते.

"दोनपासून सहापर्यंत कशानंही गुण. हेच सहा जण येतात, याच क्रमानं. पहिला मान तेवढा दर वेळी दुसऱ्या कुणाला मिळतो."

चौथी शिकलेल्या दानम्मानं कन्नडात पुटपुटत १४२८५७ची दुप्पट केली. आले २८५७१४. दोनवर बोट ठेवून तिनं गोलाला फेरी घातली आणि नव्या नवरीला शोभणार नाही एवढ्या मोठ्यानं हसली.

"आणि सातानं?"

"सातानं सगळे नऊच. पहिला कोण, शेवटला कोण, भांडणच मिटलं."

पुढं बोळातल्या दोघांनी ते आकडे मटक्याला लावले नि हरले. "गुरुजी, तुमच्या आकड्यांत दम न्हाय!" असं बरेच दिवस चाललं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मास्तरांना अर्धांग झालं. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं किती, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. लोक त्यांच्यादेखत त्यांच्याचबद्दल बोलू लागले. दानम्मा रात्रंदिवस त्यांच्या डोळ्यांत बघे. खात्रीचं काही हाती लागत नसे. तिची रांगोळीही बंद पडली.

मुलगा संगप्पा अकलूजला साखर कारखान्यात होता. तो दोघांना न्यायला आला.

"अप्पाला मागची खोली देतो. त्यांना काय, हितं काय नि तितं काय."

"हळू बोल की."

"ऐकू येऊन कळतंय कुटं, अव्वा?" तो म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

निघायच्या दिवशी तिनं शेवटचं म्हणून दार झाडलं, गोल काढला. मास्तर दाराशी बाजेवर होते. अचानक त्यांच्या घशातून आवाज आला. डावा हात बाजेवर आपटू लागला.

"ऊन लागतंय त्यांना," म्हणत संगप्पानं बाज सरकवली. आवाज वाढला. पाणी दिलं, तर ओठ मिटले. मग मास्तरांनी दोन बोटं वर धरली.

"दोन काय, अप्पा?"

दानम्मानं बोटांकडं पाहिलं, मग दाराकडं. ती तिथंच बसली आणि कन्नडात पुटपुटत दुप्पट करू लागली. आले २८५१७४. दोनवर बोट ठेवून फेरी घातली, तर पुढं पाच. आठ हवा होता. घाईत पाच नि आठाची जागा बदलली होती.

"अयऽ, माझंच चुकलं की!"

तिनं दोन्ही आकडे पुसून नीट काढले. मास्तर शांत झाले. तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती हसतही होती.

मास्तरांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी पंजा उघडला. हाताशी पाचच बोटं. तोच हात त्यांनी पुढं केला आणि रांगोळीनं पांढऱ्या झालेल्या तिच्या दोन बोटांशी आपला पंजा भिडवला.

"सात," ती म्हणाली. "सगळे नऊ."

संगप्पाच्या हातात वळकटी होती. ती त्यानं खाली ठेवली. आल्यापासून पहिल्यांदाच तो बाजेपाशी उकिडवा बसला.

"अप्पा, माझ्याकडं येता का अकलूजला?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत राहिला.