हसायची परवानगी

"यांचं जर्मन ऐकाच. सवलतीतलं नाही बरं का, अस्सल आहे."

हे माइकवरून. कोथरूडच्या भरलेल्या सभागृहात, माझी ओळख करून देताना. बोलणारे आमचे सर, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. संस्था परदेशी भाषांचे वर्ग चालवते आणि अधूनमधून विचारवंतांसाठी व्याख्यान ठेवते. विचारवंत म्हणजे वेळेआधी येऊन पुढच्या खुर्चीवर पिशवी ठेवणारे.

क्षणभर कोणी हसलं नाही. मग मी हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ खपलं असतं. पण मला तोंड आवरत नाही. मी माझ्या माइकवर वाकून म्हणालो, "सवलतीत फक्त चष्मा घेतलाय, दसऱ्याच्या सेलमध्ये."

सभागृह लोटपोट. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

शेजारी पाहुण्या बाई बसल्या होत्या. ऑस्ट्रियाहून आलेल्या, सत्तरी उलटलेल्या, निवृत्त शाळाशिक्षिका. त्यांचा मी दुभाषा. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं. माझ्याकडे झुकून त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, सगळे कशाला हसतायत? मी सांगितलं, तुमचं स्वागत करतायत, इथली पद्धत आहे.

बाई खूश. त्याही हसल्या. सभागृहाकडे बघून, हात जोडून, अगदी मनापासून.

हा माझा जुना धंदा. आम्ही बिबवेवाडीचे. आजोबांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला, कोणापुढे वाकायचं नाही म्हणून. नातवाने वाकण्यात पदवी घेतली. शाळेतच शोध लागला होता की आपल्यावरचा विनोद दुसऱ्याने करण्याआधी आपणच केला की कमी लागतो. मग सवयच झाली. "तुम्ही त्यातले वाटत नाही हो" असं कोणी म्हटलं की मी म्हणायचो, "पॅकिंग बदललंय." लोक डोळे पुसायचे. मला खिलाडू म्हणायचे. घरी जेवायला बोलवायचे. वर सांगायचे, बघा, आम्ही काही मानत नाही.

दुभाषा म्हणूनही माझी हीच ख्याती. माझ्या तोंडातून निघालेलं वाक्य कोणाला टोचत नाही. एकदा शहराबाहेरच्या एका कारखान्यात जर्मन पाहुण्याने विचारलं होतं, झाडूवाला चहा घेऊन बाहेर उन्हात का बसतो? सुपरवायझर म्हणाला, "तो बाहेरच बसतो. सवय हाय त्याला." मी भाषांतर केलं: त्याला मोकळी हवा आवडते. पाहुण्याने कौतुकाने मान डोलावली. माझं मानधन वाढलं.

आणि त्या संध्याकाळी तर मला खिलाडू असणं भागच होतं. संस्थेत मी कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. शिकवलं तेवढ्या तासांचा पगार, सुट्टी लागली की हवा खा. आता जर्मन विभागप्रमुखाची कायम जागा निघाली होती. मुलाखत होऊन गेली होती. निर्णय सरांच्या हातात. मी इतका निर्धास्त होतो की थाट बघायला मुलीलाही घेऊन गेलो होतो. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आदल्याच आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी तिच्या ॲडमिशनवरून काहीबाही लिहिलं होतं. ती घरी येऊन धुमसत होती. मी तिला अनुभवाचे बोल ऐकवले होते, "हसून सोडून द्यायचं, बाळा."

ती शेवटच्या रांगेत बसली होती.

व्याख्यान सुरू झालं. बाई एक तुकडा जर्मनमध्ये बोलायच्या, मी तो मराठीत सांगायचो.

बाई म्हणाल्या, आमचा छोटा देश शेजारच्या हुकूमशहाने गिळला. शाळेत आम्हाला शिकवलं, आपण पहिले बळी. आम्ही छान रडलो. बळी असलं की जाब द्यावा लागत नाही.

मग त्यांनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा फार गमत्ये. सणाला सगळं घर जेवायला बसलं की त्यांची एक ठरलेली गोष्ट. देश गिळला गेला त्या दिवसांत गल्लीतल्या ज्यू डॉक्टरांना लोकांनी रस्त्यावर गुडघ्यावर बसवलं, हातात ब्रश दिला, फरशीवर रंगवलेल्या घोषणा घासून पुसायला लावल्या. डॉक्टर कसे घसरले, चष्मा कसा बादलीत पडला, आजोबा नक्कल करून दाखवायचे. मुलं खुदखुदायची. बाईसुद्धा.

"शेवटी आजोबा म्हणायचे, अरे, तो डॉक्टरसुद्धा हसत होता. त्याला काही वाटलं नव्हतं."

हे वाक्य मी मराठीत सांगितलं. आवाज फुटला नाही, अडखळलो नाही. धंद्यात पक्का माणूस. फक्त समोरचं पाणी सगळं पिऊन टाकलं.

डॉक्टरांना पुढे छळछावणीत नेलं. ते परत आले नाहीत. आणि ज्या घरात ही गोष्ट रंगायची ते घर त्या डॉक्टरांचंच होतं, हे बाईंना आजोबा गेल्यावर कळलं.

"सैनिक बाहेरून आले होते," बाई म्हणाल्या. "हसणारे आमच्या गल्लीतले होते. हसण्याचा हुकूम कोणीही दिला नव्हता."

टाळ्या. पुढच्या रांगेत दोघींनी डोळे टिपले. मग चहापान.

चहाच्या टेबलापाशी मुलगी आली. मला वाटलं, बापाचं कौतुक करेल.

"पप्पा, ते लगेच नव्हते हसले. आधी सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसलात, मग हसले."

मी म्हणालो, "बघ, केवढं वजन आहे तुझ्या बापाचं."

ती हसली नाही. भरलेला कप तसाच कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि जागेवर जाऊन बसली. तिने माझ्याकडे बघितलं ते मला अजून सोसत नाही. रागाने नाही. आपण ज्या रस्त्याने जाणार नाही त्या रस्त्याकडे बघावं, तसं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्या रांगेतले एक निवृत्त बँक अधिकारी उठले. त्यांचा प्रश्न नव्हता, निवेदन होतं. "बाईंना सांगा, शेजाऱ्याने शेजाऱ्याला असं वागवल्याचं आमच्या इतिहासात एकही उदाहरण सापडणार नाही. आमच्याकडे प्रत्येकाला त्याची जागा होती आणि प्रत्येक जण तिथे सुखी होता."

सभागृहाने माना डोलावल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"करा ना भाषांतर," सर म्हणाले.

"हे असं माझ्या तोंडून जाणार नाही, सर."

सर हसले. पुण्यात माणूस आपल्याला 'आपण' म्हणायला लागला की समजायचं, आता सोलणार. "अहो, आपण दुभाषे आहात. मत मांडण्याचं मानधन आपल्याला दिलेलं नाही. जागेचा निर्णय अजून व्हायचाय, तेव्हा जरा सांभाळून."

हेही माइकवरून. आता सभागृह पुन्हा माझ्याकडे बघायला लागलं. वाट बघत होते. एक विनोद आला असता की सगळे सुटले असते. विनोद तयारही होता, खोटं कशाला बोलू. जिभेवर होता. तो मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदा.

मी बाईंकडे वळलो. त्या गृहस्थांचं वाक्य जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं आणि म्हणालो, हे खोटं आहे, ज्यांना त्या जागा दिल्या होत्या त्यांच्यातला मी आहे. सरांनी आत्ता दिलेली धमकीही सांगितली. मग सुरुवातीचं हसणं कशावरचं होतं तेही सांगितलं. सवलतीतलं नाही, अस्सल. माझा चष्म्याचा विनोदसुद्धा सांगितला. काही वगळलं नाही, कुठे मऊ केलं नाही.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा हातबित धरला नाही. सांत्वन केलं नाही. त्या रागावल्या.

"मीही हसले," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला का हसू दिलंत?"

"काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं, "बाई विचारतायत, सरांनी मघाशी माझी जात काढली त्यावर मी त्यांना का हसू दिलं. मी त्यांना खोटं सांगितलं होतं. आता खरं सांगितलंय. आणि तुम्हाला विचारतोय, तुम्ही का हसलात?"

मग बँकवाले म्हणाले, "अहो, पण पहिले तर तुम्हीच हसलात."

खरं होतं. सभागृहाने केवढा सुस्कारा सोडला. गुन्हेगार सापडला होता.

"हसलो," मी म्हणालो. "त्याचा जाब माझी मुलगी मागेल. ती मागे बसलीये. तुमचा जाब मी मागतोय."

आभारप्रदर्शन झालं. आभारात माइकवाला होता, चहावाला होता, फुलवाला होता. मी नव्हतो. रिक्षात मुलगी एवढंच म्हणाली, "उशीर केलात." त्यावर विनोद सुचला नाही.

दोन दिवसांनी सरांचा फोन. आवाज लोण्यासारखा. बाईंना आपल्या शहराबद्दल काय वाटलं असेल, याची त्यांना चिंता. मग म्हणाले, "चार ओळींची दिलगिरी लिहून द्या. जागेचं मी बघतो. लोक विसरतात हो."

"लोकांनी विसरू नये अशी माझी इच्छा आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. जागा दुसऱ्याला गेली. तासिकाही गेल्या. आता बिबवेवाडीतच एका क्लासमध्ये शिकवतो. पैसे कमी, पायपीट जास्त. मी गमतीदार राहिलो नाही, अशी तक्रार आहे. जेवणाची आमंत्रणं बंद झाली. पोट बरं आहे.

कामानिमित्त कोथरूडला जातो तेव्हा त्या सभागृहातलं कोणी ना कोणी भेटतं. दुकानात, बसस्टॉपवर, बँकेच्या रांगेत. ओळख दाखवतात, तोंडदेखलं हसतात. मी थांबवतो आणि विचारतो, त्या दिवशी तुम्ही हसला होतात?

"सगळेच हसत होते हो."

"सगळ्यांचं राहू द्या. तुमचं सांगा."

घड्याळ बघतात. पिशवी या हातातून त्या हातात घेतात. मी समोरून हलत नाही. काही जण मला लांबून पाहून गल्ली बदलतात. बदलू देत. कोथरूड तेवढं मोठं नाही.