पाटाखालचा बुश

विचुंब्याला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दर रविवारी एक कोळीण मासे घेऊन बसते. नाव कधी विचारलं नाही. मी तिला मावशी म्हणतो, ती मला दादा. मासा देण्याआधी ती अंगठ्याने दाबून बघते आणि मऊ लागला तर स्वतःच बाजूला टाकते.

त्या रविवारी मी कार जॅकने उचलून पुढच्या चाकांमागचे, धक्के झेलणारे रबरी बुश बदलत होतो. स्पीडब्रेकरवर खडखड यायची. व्हिडिओ बघून माझं निदान पक्कं झालं होतं. घाम गाळून जुने बुश एकदाचे काढले. पाणी मागायला आलेल्या मावशीने त्यातला एक उचलून अंगठ्याने दाबला.

"चांगला हाय की, दादा. काडला कशाला?"

"खराब झालाय, मावशी."

तिने पुन्हा दाबला. "मंग मी नेऊ? मासं कापायचा पाट डुगडुगतो माजा."

नवे बुश बसले, पण खडखड तशीच आहे. नेमकं काय बिघडलंय, मला अजून कळलेलं नाही. रविवारी मी गाडी बाहेर काढतो तेव्हा मावशी कोयता मारत असते. खाली माझा बुश, पाट जागचा हलत नाही. गेटपुढच्या स्पीडब्रेकरवर खडखड झाली की ती गाडीकडे बघते, मग पाटाखाली बघते, आणि पुढचा मासा दाबते.