क्राऊनमधली मेंढी

म्हस्कूमामांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं आणि उरलेलं गाड्यांखाली. मांडवगण फराट्याला भावांच्या वाटणीत कळप विकला गेला, तसे मामा न्हावऱ्याच्या एका गॅरेजात कामाला लागले. शाळा पाहिलेली नव्हती. पुर्ज्यांची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी बिघाडांना आपल्या घरची नावं ठेवली. गाडी हलताना खालून टक् वाजलं की म्हणायचे, "एडका धडक देतोय." म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला. इंजिनाच्या डोक्यात किटकिट असली की, "कातर चाललीय." म्हणजे टॅपेट ढिले. आणि वेगात असताना ॲक्सिलेटरवरनं पाय काढल्यावर मागून लांब, रडवा सूर आला, तर मामा मान हलवायचे. "मेंढी कोकराला हुडकतीया." हे सगळ्यात वाईट. मागची चाकं फिरवणारा दातेरी क्राऊन झिजला, असा त्याचा अर्थ.

त्या काळी शिरूर-चौफुला रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी पिकप घ्यायची तर माणसं आधी मामांना गाठायची. मामा पुढं बसायचे, डोळे मिटायचे, आणि चार मैलांत गाडीचं सगळं गोत्र सांगायचे.

दोन हजार एक साली तो कान जायला लागला. एकदम नाही, बांधावरच्या पाण्यासारखा झिरपत गेला. आधी पाखरं गेली, मग टॅपेट. ठाऊक होतं फक्त बायकोला, बानूबाईला. ती धनगराचीच लेक. दोनशे मेंढरांत कुठलं कोकरू कुणाचं, हे ती अंधारातही आवाजावरून सांगायची. मामांनी रोज घरी येऊन, ऑइलची बोटं तिच्या हातच्या भाकरीला लावत, आवाजांच्या नकला केल्या होत्या, त्यामुळं एडका, कातर, मेंढी तिलाही पाठ होतं.

पोपटराव माळी आला तेव्हा मामा नाही म्हणू शकले नाहीत. पोपटरावचा झेंडू दसऱ्याला पुण्याच्या बाजारात जायचा, आणि एसटीच्या टपावर निम्मी फुलं दबून काळी पडायची. केडगावला ज्ञानदेव नावाच्या एकाकडं जुनी पिकप विकायला होती. "मामा, तुम्ही हो म्हणा, आजच घेतो," पोपटराव म्हणाला.

"बानू बी येईल. तिची बहीण असती केडगावात," मामा म्हणाले. घरातून निघण्याआधी नवराबायकोचं ठरलं होतं: आवाज आला की तिनं नाव हळूच कानाशी सांगायचं.

तिघं केडगावला पोचले, तर ज्ञानदेवनं गाडी आधीच चालू करून ठेवली होती. मामांनी बॉनेटवर हात ठेवला.

"बंद कर. गार होऊ दे."

"आवो मामा, तापलेली गाडीच खरं बोलती."

"तापलेला माणूस बोलतो का खरं? चहा सांग."

चहा झाला, दुसरा झाला. मग मामांनी ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली, बोटावर चोळून वास घेतला. नवंकोरं ऑइल. पाणी शिरल्याचा पांढरा फेस कुठं नव्हता. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नव्हता. ब्रेक ऑइल खुणेपर्यंत होतं. बोटांना अजून सगळं कळत होतं, आणि त्यानं मामांना धीर आला.

गाडी चौफुल्याकडं निघाली. ज्ञानदेव चालवत होता, शेजारी बानूबाई, कडेला मामा डोळे मिटून. पोपटराव मागं हौद्यात वाकून, डोकं काचेशी. ज्ञानदेवनं वेग घेतला आणि पाय काढला. मामांना फक्त सीटची थरथर कळली.

बानूबाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. मामांना ऐकू आलं नाही.

ठरवताना दोघांच्याही एवढं ध्यानात आलं नव्हतं, की ज्याला गाडी ऐकू येत नाही त्याला कुजबूज कुठून ऐकू येणार. बानू काही बोलली नाही, म्हणजे आवाज नाही, असं समजून मामांनी डोळे उघडले आणि समाधानानं मान डोलावली. मागं पोपटरावनं ते पाहिलं आणि काचेवर हात मारला. "चोख हाय ना मामा? घेतली म्हणून समजा."

बानूबाईनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा मागं. मग रानातून हाक मारावी तशी ओरडली, "मेंढी! मेंढी कोकराला हुडकतीया!"

ज्ञानदेव हसला. "मामी, कुठं हाय मेंढी? रस्ता तर मोकळा हाय."

"गाडी थांबव," मामा म्हणाले.

ते पाना घेऊन गाडीखाली शिरले. क्राऊनच्या घरट्याचा नट सोडला, बोट आत घातलं आणि उन्हात धरलं. काळ्या ऑइलात लोखंडाचा चुरा चमकत होता, जत्रेतल्या भंडाऱ्यात अभ्रक मिसळावं तसा. पोपटराव वाकून बघत राहिला. ज्ञानदेव दुसरीकडं बघू लागला.

"पोपटराव, ही घेऊ नको. ऐन दसऱ्यात वाटंत बसंल."

"मामा, तुमच्या कानाला तोड न्हाई."

मामांना गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. त्यांनी चिंधीनं बोट पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"मला न्हाई आला आवाज. वरीस झालं, बारीक आवाज येतच न्हाईत. तिला आला."

मामा रस्त्याच्या कडेला बसले. ज्ञानदेव म्हणाला, "म्हंजी इतके दिस..." आणि पुढचं गिळलं.

मग पोपटराव बानूबाईकडं वळला. "मामी, पारगावात अजून एक पिकप इकायची हाय म्हणत्यात. उद्या याल का?"

"यीन की. पण आधी यांना इचार. ऑइल मला कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पारगावच्या गाडीत मामी खिडकीकडं बसली, पदर कानामागं खोचून. मामा आपणहून हौद्यात चढले. भीमेच्या पुलावर गाडीनं वेग धरला, तसा त्यांनी तळवा पत्र्यावर टेकला. वारं कानात भरत होतं आणि आत मामी कालच्यासारखीच ओरडून त्या गाडीच्या मालकाला बजावत होती, हे मामांना काचेतून दिसत होतं: पाय काढ, अजून काढ.