चराईबंदीची अध्यक्ष

लग्न होऊन मी चांदवडकडच्या गावात आले, तेव्हा तिथे बारावी झालेली सून मी एकटीच होते. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, त्यामुळे लहानपण नळाच्या पाण्यावर गेलेलं. इथे उन्हाळ्यात टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून निघून जायचा, आणि ते गढूळ पाणी शेंदायला आम्हा बायकांची झुंबड उडायची. नवरा ओझरच्या विमान कारखान्यात कंत्राटी कामगार, सुट्टीला तेवढा घरी यायचा. एरवी घरात मी, सासूबाई आणि सासूबाईंच्या शेळ्या.

शेळ्या मात्र खरोखर त्यांच्या होत्या. शेत सासऱ्यांच्या मागे मुलाच्या नावावर झालं, घरही झालं. शेळ्या कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाहीत. सकाळी भाकरी फडक्यात बांधून त्या शेळ्यांमागे डोंगर चढायच्या. बकरी ईदच्या आधी एखादा बोकड मालेगावच्या बाजारात जायचा, त्या पैशांना नवराही हात लावत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला नाशिकहून एक संस्था आली. परदेशातून आलेल्या मदतीतून पाणलोटाचं काम करायचं होतं. डोंगरावर चर खणायचे, ओघळींना दगडी बांध घालायचे, झाडं लावायची आणि गवत वाढू द्यायचं. अट एकच, पण पक्की. डोंगरावर कुऱ्हाड चालणार नाही आणि जनावर चरणार नाही. महिलांची समितीही हवी होती, आणि अध्यक्षीण लिहितावाचता येणारी हवी होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला आनंद झाला होता, नाही कशाला म्हणू? सासूबाईच म्हणाल्या, "होऊ द्या. आमची सून लय शिकलेली हाय."

शेळ्या दावणीला आल्या. शेळी दावणीला उभी राहणारं जनावर नव्हे. दिवसभर त्या ओरडायच्या, दोराला हिसके द्यायच्या. सासूबाई बांधाबांधाने फिरून पाला आणायच्या, पण सगळ्या गावाच्या शेळ्या घरीच असल्यावर पाला उरणार किती?

"हे बग पोरी, डोंगर मोकळा झाला म्हनं, आन् आपन बांधले गेलो," त्या एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्या, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे." मला संस्थेने तेवढंच सांगितलं होतं.

एका दुपारी समितीने डोंगरावर नेमलेला राखणदार धावत दारात आला. सासूबाईंनी शेळ्या डोंगरावर नेल्या होत्या आणि त्याने त्या हाकलून ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घातल्या होत्या. मी गेले तर सासूबाई कोंडवाड्याच्या फाटकाला धरून उभ्या. आतून शेळ्या त्यांच्या लुगड्याचा पदर चावत होत्या.

नियम आम्हीच केलेला. ज्याचं जनावर सापडेल त्याने समितीसमोर उभं राहून माफी मागायची, मग जनावर सुटेल. देवळाच्या ओट्यावर समिती बसली. मधोमध मी, समोर सासूबाई. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "अध्यक्षीणबाई, चुकलं माझं. शेळ्या सोडा."

मला त्या कायम 'पोरी' म्हणायच्या. त्या दिवसानंतर घरातही त्यांनी मला कशानेच हाक मारली नाही. ताट वाढलं की जेवायच्या, पाणी मागायचं असलं की तांब्या पुढे सरकवायच्या.

मी संस्थेच्या साहेबांना म्हटलं, "मला यातून मोकळं करा." ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, परदेशी पाहुणे येताहेत. अशा वेळी अध्यक्ष बदलली तर गावात भांडण आहे असं वाटेल. काम थांबेल." नवरा म्हणाला, "आता मागं सरलीस तर लोक हसतील." माहेरी सांगितलं तर आईला केवढं कौतुक, लेकीचा फोटो पेपरात आला होता! कोणाच्या तोंडून वाईट शब्द निघाला नाही, आणि मला हलायला जागा उरली नाही.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एक वयस्क बाई माझ्याजवळ खाली सतरंजीवर बसल्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, साहेबांनी मराठी केलं, "या कामात कोणाचं काही नुकसान झालं का?"

मी म्हणाले, "झालं. माझ्या सासूबाईंच्या शेळ्या जातील आता. त्यांना दुसरं काही नाही."

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळत होतं. ते म्हणाले होते की हिच्या सासूने गावासाठी आपण होऊन शेळ्या पाळणं सोडलं. मी "नो, नो" म्हणाले. पुढचं वाक्य जुळेना. परीक्षेत निबंध लिहिले होते, पण हे वाक्य कुठल्याच निबंधात नव्हतं. बाईंना वाटलं मी लाजतेय. त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत सासूबाईंनी शेळ्या विकल्या. दोन राखल्या, त्या घेऊन मालेगावच्या अलीकडच्या गावात लेकीकडे गेल्या. तिकडे बंदी नव्हती. निघताना नातवाला, माझ्या लहानग्याला, जवळ घेतलं, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

डोंगर खरंच हिरवा झाला. दोन-तीन पावसाळ्यांत विहिरीला पाणी टिकू लागलं. एका मे महिन्यात टँकर आलाच नाही. विहिरीतून नितळ पाणी शेंदताना मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून जीव कोंडायचा. हे काम वाईट असतं तर मला निदान त्याचा राग तरी करता आला असता.

परदेशी मदत संपल्यावर मी ग्रामसभेत विषय काढला. डोंगराचे तीन भाग करू, पाळीपाळीने एक भाग शेळ्यांना मोकळा ठेवू. भांडणं झाली. ज्यांच्या विहिरींना पाणी आलं होतं ते तयार नव्हते. मी विषय सोडला नाही, शेवटी तिसऱ्या ग्रामसभेत मंजूर झालं.

मी सासूबाईंना आणायला गेले. त्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्या. "चारा लय आलाय," म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्या, शेळ्या घेऊन इकडेच राहा की आता."

"आता गुडघे डोंगर चढत नाय, पोरी."

त्या हाकेने मला रडू फुटलं. त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

दुपारी फाट्यावर त्यांना एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाल्या, "तू बी चल. दोन दिस राहा, जिवाला बरं वाटंल."

तोवर दोन हजारचं दशक अर्धं सरलं होतं, आणि आमच्या जुन्या चरांना, गवताला नवं नाव मिळालं होतं, हवामानबदलाशी जुळवून घेणं. ते बघायला दुसऱ्याच देशाची माणसं सकाळी येणार होती. माहिती मी द्यायची होती.

"नाही जमायचं आत्या," मी म्हटलं.

कंडक्टरने घंटी मारली. त्या पुढे बघून बसल्या, आणि मी सतरंज्या झटकायला गावाकडे परत फिरले.