सुमेधाच्या गिटारचा ब्रिज

हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. सुमेधाशी तर नाहीच — आणि बोलायला हवं होतं ते तिच्याशीच.

सुमेधा माझी बायको. नोकरी बँकेत, आणि आमच्या रत्नागिरीतल्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. गणपतीत, लग्नसराईत, कधी राजापूर, कधी हातखंब्याचा हॉल. गाडी मी चालवायचो आणि कार्यक्रमभर मागच्या खुर्चीत बसायचो. लोक ओळख करून द्यायचे, हे गिटारवाल्या मॅडमचे मिस्टर. मला राग यायचा का? तेव्हा तरी तसं वाटलं नव्हतं. मी हसायचो.

आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकणाऱ्या मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून गिटारची दुरुस्तीही माझ्याकडेच. तिच्या गिटारला लॉकवाला ट्रेमोलो ब्रिज होता. म्हणजे तारा ज्या धातूच्या तुकड्यात अडकवतात, तो तुकडाच हलतो. त्याची दांडी दाबली की सूर खाली जातो, सोडली की जागेवर येतो. हा सगळा भार दोन खुंट्यांवर, ब्रिजच्या नुसत्या धारेवर टेकलेला असतो. धार झिजली की सूर परत येतो, पण नेमका जागेवर नाही — कधी जरा वर, कधी जरा खाली.

एका लग्नात तिची गिटार अशीच बेसूर झाली. गाणारा गाता गाता तिच्याकडे वळून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी तिने गिटार माझ्यापुढे ठेवली. बघा ना, काय झालंय हिला, म्हणाली.

मी ब्रिज काढला. धारेवर नख फिरवलं, तर नख खाचेत अडकलं. हीच तपासणी मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो — कळलं नाही असं कसं म्हणू? मी तो होता तसाच परत बसवला. म्हणालो, "गिटारला काही झालेलं नाही. तुझा हात जड पडतोय ब्रिजवर. तुला ऐकू येत नाही का?"

का म्हणालो मी असं?

तिचा हात थोडा पडायचा, आणि हाताच्या भारानेही असा ब्रिज हलतो, हे खरं. मग मी अर्धं तरी खरं बोललो का? हायवेवरची जागरणं नकोशी झाली होती? की ती मागची खुर्ची? एक कारण धरतो, तर ते हातातून सुटतं आणि दुसरं पुढे येतं.

वाटलं, वाद घालेल. तिने घातला नाही. रोज संध्याकाळी हात उचलून धरून वाजवायची सवय करायला लागली. सूर हलतच राहिला — हलणारच होता. मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो. एक वाक्य बोलायचं होतं, बाहेर येऊन. नाही बोललो. मग तिने ऑर्केस्ट्रावाल्यांना कळवलं, आता माझे कान साथ देत नाहीत. गिटार कपाटावर गेली, ती बरीच वर्षं.

यंदा तिच्या भाचीला गिटार शिकायची होती. सुमेधा म्हणाली, आपली देऊन टाकू, फक्त तारा बदला. तारा बदलून भागलं असतं. मी मात्र मुंबईहून नवा ब्रिज मागवला. का? आपण पकडलं जावं असं वाटत होतं? की तिचं काही परत करत होतो? — अजून कळत नाही.

पडवीत बसून तिने गिटार मांडीवर घेतली. दांडी दाबली, सोडली. सूर जागेवर आला. पुन्हा दाबली. पुन्हा आला.

"ब्रिज बदललात?"

"हो. झिजला होता."

"तेव्हापण झिजलेला होता?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, तारांकडे बघत होती. यापेक्षा सोपं करून कोण विचारणार होतं?

"तेव्हा नव्हता," मी म्हणालो. "आपल्याकडची खारी हवा. पडून पडून गेला."

पडून राहिलेली धार गंजते, तिला खाच पडत नाही. हे तिला कळलं असेल का? ती नुसतं "बरं" म्हणाली.

गिटार भाचीकडे गेली नाही. सुमेधा आता रोज वाजवते. सूर लावायचं छोटं यंत्र गिटारच्या टोकाला चिमट्याने लावलेलं असतं. तार बरोबर लागली की हिरवा दिवा लागतो. दिवा लागतो. ती तो बघते. आणि तरी दर तारेला मान वळवून मला विचारते, "बरोबर लागलीय ना हो?"

मी म्हणतो, बरोबर आहे.